दोन बाटल्यांत दहा दिवस बसत नाहीत

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. आमचे हे यंत्रमागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मुलगी सात वर्षांची, वजन २० किलो. तिला ताप आला आणि घसा इतका दुखायला लागला की पाणीसुद्धा गिळवेना. सर्दी-खोकला काहीच नव्हता. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, टॉन्सिलवर पू आहे म्हणाले, मानेच्या गाठी चाचपल्या आणि अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध लिहून दिलं: ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवालं, १० मिली सकाळी, १० मिली रात्री, १० दिवस. मेडिकलवाल्याने ६० मिलीच्या दोन बाटल्या दिल्या आणि "एवढ्या संपवा" म्हणाला. मी दोन्ही पहिल्याच दिवशी पाणी घालून करून ठेवल्या. फ्रीज नाही आमच्याकडे.

आज चौथा दिवस. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, पोरगी अंगणात खेळते आहे. सासूबाई म्हणतात आता बंद कर, असली औषधं उष्ण पडतात. मधे दोन रात्री ती न घेताच झोपली, तेव्हा मी सकाळी दुप्पट दिलं. चालतं का? यांना सर्दी-खोकला झाला तर त्याच दुकानात ६२५ ची गोळी दिली, "पॉवरची आहे" म्हणून. मुलीलाही तीच अर्धी दिली असती तर लवकर गुण आला असता का? शिवाय सासूबाईंना पूर्वी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगभर खाज आली होती, मग नातीला हे चालेल का? आणि मुलीचा एक प्रश्न: डॉक्टर म्हणाले हे औषध जंतूंची भिंत फोडतं. ती विचारते, मग माझी नाही का फुटणार?

— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई, औषध बंद करू नका. एवढं तुमचं पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला कळवलं होतं, कारण सदर छापून येईपर्यंत तुमच्या बाटल्या संपल्या असत्या. आता सविस्तर.

आधी बाटल्यांचा हिशेब. दिवसाला २० मिली, दहा दिवसांना २०० मिली. दोन बाटल्या म्हणजे १२० मिली, सहाव्या दिवशी रात्री संपल्या. डॉक्टरांनी लिहिले दहा दिवस, दुकानातून मिळाले सहा, आणि "एवढ्या संपवा" हे ऐकून तुम्हाला कोर्स पूर्ण झाला असंच वाटलं असतं. हे फार घडतं. पातळ औषध घेताना दुकानातच मिली गुणिले दिवस करून बघावं. डॉक्टरांचा डोस बरोबर आहे: या घशासाठी मुलांना किलोमागे दिवसाला ५० मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम. तुमच्या २० किलोच्या मुलीला नेमके १०००, ५०० सकाळी आणि ५०० रात्री.

दोन्ही बाटल्या एकदम कालवल्या हे मात्र चुकलं. पावडर कोरडी असते तोवर टिकते. पाणी घातलं की औषध हळूहळू तुटायला लागतं, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात हे "हळूहळू" राहत नाही. कालवलेल्या औषधाची मुदत लेबलवर असते, बहुतेक ७ दिवस, आणि तीसुद्धा थंड जागेत ठेवलं तर. सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना फडताळात चार दिवस राहिलेल्या बाटलीत किती औषध शिल्लक आहे हे बघून कळत नाही. रंग, वास सगळं तसंच असतं. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवणं हा फ्रीज नव्हे, आम्ही त्यावर भरवसा ठेवणार नाही. ती दुसरी बाटली टाकून द्या.

फ्रीज नसलेल्या घरासाठी सोपी वाट म्हणजे पाण्यात विरघळणारी गोळी. २५० मिलिग्रॅमची मिळते. १० मिलीऐवजी दोन गोळ्या: चमच्यात किंवा छोट्या वाटीत उकळून गार केलेलं दोन चमचे पाणी, त्यात गोळ्या टाकायच्या, विरघळल्या की लगेच पाजायच्या, आणि वाटीच्या तळाला राहिलेलं पुन्हा थोड्या पाण्याने हलवून तेही द्यायचं. दिवसाला ४ गोळ्या, म्हणजे पाचव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत २४. हा बदल डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. दुकानदाराने परस्पर करायचा नाही. चुकलेल्या दोन डोसांसाठी शेवटी एक दिवस वाढवायचा का, तेही तिथेच विचारून घ्या.

ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांच्यासाठी, पावडर कालवायची रीत. बाटली उलटसुलट करून ठोका, म्हणजे तळाला बसलेली पावडर मोकळी होते. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला आणि जोरात हलवा. कोमट पाण्याने पटकन विरघळतं म्हणून तसं करतात, पण गरम पाणी औषधच मोडतं. फेस बसेपर्यंत थांबा. फेसाला पाणी समजून खूण गाठली असं वाटतं, मग पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमचा जास्त कडक होतो. फेस बसला की खुणेपर्यंत भरा, पुन्हा हलवा, कालवल्याची तारीख बाटलीवर लिहा. पुढची बाटली पहिली संपल्यावरच उघडा. दर डोसाआधी हलवायचं, कारण औषध तळाला बसतं: न हलवता दिलं तर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दोन दिवस दाट औषध पोटात जातं. घरातला चमचा कुठला ३ मिलीचा, कुठला ७ चा. मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

आता लेकीचा प्रश्न. तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

घशातल्या या जंतूचं नाव स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. गोल, आणि मण्यांच्या माळेसारखे एकाला एक लागून. डॉक्टर "भिंत" म्हणाले खरे, पण विटांची कल्पना करू नका. ते कापड आहे. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या हा ताणा, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे हा बाणा. असं विणून जंतूभोवती सगळीकडून बंद पिशवी तयार होते. ती इतकी मजबूत का लागते? कारण आतला दाब. अशा जंतूंच्या आत साधारण २० वातावरणांइतका दाब असतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन असतो. पिशवीची वीण एका जागी जरी विरली तरी आतलं सगळं बाहेर.

बाणा बांधायचं काम करणारी प्रथिनं जंतूकडे असतात, त्यांना आपण विणकर म्हणू. दुव्याच्या टोकाला डी-ॲलानिन नावाचे दोन मणी असतात. विणकर ते टोक पकडतो, शेवटचा मणी तोडून टाकतो, उरलेलं टोक शेजारच्या साखळीला सांधतो आणि पुढच्याकडे वळतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन ही सगळी एका घराण्यातली औषधं, आणि ती त्या दोन मण्यांसारखी दिसतात. विणकर फसून पकडतो. औषधाच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम म्हणतात ते. पकडताक्षणी ते तटकन उघडतं आणि विणकराच्या हाताला चिकटून बसतं. धोट्यात सुताऐवजी डिंकात बुडवलेली कांडी भरावी आणि माग तिथेच अडावा, तशातला प्रकार.

पण माग अडला म्हणून विणलेलं कापड फाटत नाही, हे तुमच्या ह्यांना विचारलंत तर तेही सांगतील. फाटतं ते जंतूच्या स्वतःच्या कात्रीने. जंतूला वाढायचं, दोनाचं चार व्हायचं, तर जुनी वीण जागोजागी उसवून मधे नवं कापड घालावं लागतं. ही उसवणारी प्रथिनं त्याच्याकडे कायम कामावर असतात. औषधाने विणणारे हात बांधले, उसवणारे मोकळेच राहिले. उसवण चालू, विणणं बंद, आणि आत २० वातावरणांचा दाब. औषध जंतूला मारतं ते असं, त्याच्याच वाढीचा फायदा घेऊन.

तेव्हा मुलीला सांगा: तुझ्या शरीरातल्या पेशींना असलं कापडच नाही. पातळ पडदा असतो, विणकर नाहीत, ते दोन मणी नाहीत. औषधाला पकडायला तुझ्यात कुणी नाही. मोठ्यांनी ऐकून ठेवायचं ते इतकंच की पोटातले चांगले जिवाणू मात्र कापडवाले असतात, म्हणून या औषधांनी शौचाला पातळ होतं. "उष्ण पडलं" असं सासूबाई म्हणतात ते बहुधा हेच. दिवसाला दोन-तीनदा पातळ झाली तर ओआरएस द्या, ताक-भात द्या, औषध चालू ठेवा. रक्त पडलं, किंवा मूल मलूल झालं तर डॉक्टरांना दाखवा. दूधही या औषधाबरोबर चालतं. दुधाचं पथ्य टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधांचं आहे.

आता चुकलेल्या रात्रीचा आणि दुप्पट डोसाचा हिशेब. अमॉक्सिसिलिन रक्तात साधारण दर तासाला निम्मं होतं, मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात. डोसानंतर रक्तात मिलीलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम चढलं असं हिशेबासाठी धरा. तासाने ४, मग २, १, अर्धा, पाव... आठ तासांनी उरतं ०.०३ च्या जवळपास. घशातला हा जंतू इतका हळवा आहे की त्याला एवढंही पुरतं. म्हणून बारा तासांतले सात-आठ तास तरी त्याचे माग बंद राहतात आणि सकाळ-रात्र दोन डोसांवर भागतं. आता तुम्ही दुप्पट दिलं, तर सुरुवात १६ ने झाली. तासाभरात ते ८ वर आलं आणि पुढे सगळं आधीसारखंच. दुप्पट औषध घालून तुम्ही मिळवला फक्त एक जादा तास. रात्र तर वाया गेलीच होती, तेवढ्या वेळात उरलेल्यांनी पुन्हा कापड विणून घेतलं. एकदा सगळे विणकर अडकले की वर आणखी डिंक ओतून जास्त काही अडकत नाही. (अमिकासिनसारख्या इंजेक्शनांचं गणित उलट आहे, तिथे एकदम मोठा डोस जास्त मारतो, म्हणून ते दिवसातून एकदाच देतात. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावू नये.)

त्यामुळे डोस विसरलात आणि आठवला तर आठवल्या वेळी द्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर सोडा आणि पुढचा नेहमीएवढाच द्या. दिल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्या. ती झोपण्याआधी घेत नसेल तर रात्रीच्या जेवणाला जोडा, साडेसात-आठला, आणि सकाळचा शाळेआधी त्याच सुमारास. घड्याळाचा गजर घरात राहणाऱ्याच्या फोनवर लावा, पाळी बदलणाऱ्याच्या नको.

ताप तर दुसऱ्या दिवशी गेला, मग दहा दिवस कशाला? सासूबाईंचा हा प्रश्न चुकीचा नाही. खरं तर हा घसा औषध न देताही बहुतेकांचा तीन ते पाच दिवसांत दुखायचा थांबतो. इथे औषध देतात ते मुख्यतः हृदयासाठी. टॉन्सिलच्या खाचाखोचांत काही जंतू बसून राहतात, वाढत नाहीत, त्यांचे माग बंद असतात, आणि बंद मागावर आपलं औषध काही करू शकत नाही. ते पुन्हा सुरू होतील तेव्हा औषध तिथे हजर असलं पाहिजे. जंतू घशात राहिला तर काही मुलांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध तयार झालेली फौज दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. हा संधिवाताचा ताप. त्यात झडप खराब झाली की ती आयुष्यभराची. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर हे टळतं असं दिसून आलं आहे, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. दहा दिवसांचा आकडा या जंतूला घशातून पुरता काढण्यासाठी आहे.

मात्र "अँटिबायोटिक म्हणजे जितके जास्त दिवस तितकं बरं" असा अर्थ काढू नका. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग अशा बऱ्याच आजारांत आता पाच-सात दिवस, कधी त्याहूनही कमी देतात. किती दिवस हे आजारावर ठरतं, बाटलीच्या आकारावर तर नाहीच.

अर्धवट थांबण्याचा सगळ्यात जुना दाखला पेनिसिलिनच्या पहिल्याच रुग्णाचा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीत हे द्रव्य सापडलं, पण ते माणसाला देण्याइतकं शुद्ध करायला ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांचा गट लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं. चेहऱ्यापासून पसरलेला भयंकर संसर्ग होता. ताप उतरला, तो जेवायला लागला. जगात होतं तेवढं पेनिसिलिन पाच दिवसांत संपत आलं. त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा टोचलं, मूत्रपिंडं किती भराभर फेकतात ते यावरून कळेल. तरीही पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो वारला. पुढे आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि आज त्याच घराण्यातलं औषध गल्लीतल्या दुकानात मिळतं.

आता ती "पॉवरची" गोळी. ६२५ या आकड्यात ५०० मिलिग्रॅम तेच अमॉक्सिसिलिन आहे, तुमच्या मुलीच्या एका डोसाएवढंच. उरलेलं १२५ म्हणजे क्लॅव्युलॅनिक आम्ल. ते स्वतः जंतू जवळजवळ मारत नाही. काही जंतू औषधाचं ते चार अणूंचं कडं आधीच तोडणारं एक विकर सोडतात, बीटा-लॅक्टमेज. क्लॅव्युलॅनिक आम्ल त्या विकराला अडकवून ठेवतं, म्हणजे अमॉक्सिसिलिन शाबूत पोहोचतं. पण मुलीच्या घशातला स्ट्रेप्टोकोकस हे विकर बनवतच नाही. इतक्या वर्षांनंतरही तो साध्या पेनिसिलिनला दाद देतो, जंतूंच्या दुनियेत हे दुर्मीळ आहे. त्यामुळे अर्धी ६२५ देऊन काय झालं असतं? अमॉक्सिसिलिन ५०० ऐवजी २५०, म्हणजे निम्मा डोस, आणि वर नको असलेलं आम्ल, ज्याने जुलाब जास्त होतात. गुण लवकर नाही, उशिराच आला असता.

एक चूक इथे हमखास होते. दुकानात ६२५ नसली की ३७५ च्या दोन घ्या म्हणतात. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. दोन घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० झालं, बरोबर, पण क्लॅव्युलॅनिक २५०, दुप्पट. मग पोट बिघडतं. आणि या गोळ्या वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नका. क्लॅव्युलॅनिक आम्ल हवेतला ओलावा ओढतं आणि नासतं. पांढरी गोळी पिवळी-तपकिरी पडली, डाग आले तर टाकून द्या. खरोखर ही गोळी लागते तेव्हा जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, पोटाला कमी त्रास होतो आणि आम्ल नीट शोषलं जातं.

तुमच्या ह्यांना मात्र ती लागतच नव्हती. नाक गळणं, शिंका, खोकला, आवाज बसणं हे बहुतेक वेळा विषाणूंचं काम. विषाणूला कापड नाही, माग नाही, विणकर नाही. डिंकाची कांडी कशात भरणार? फार काय, मायकोप्लाझ्मासारखे काही खोकला आणणारे जिवाणूही असे आहेत की त्यांना ही भिंत मुळातच नसते, त्यांच्यापुढे हे सगळं घराणं निकामी, तिथे डॉक्टर अझिथ्रोमायसिनसारखं वेगळ्या जातीचं औषध देतात. कोणतं लागेल हे दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, रेघ त्यासाठीच छापतात. तुमच्या ह्यांनी सुरू केलेल्या गोळ्यांबद्दल ज्या डॉक्टरांनी मुलीला पाहिलं त्यांनाच विचारा. आणि उरलेली पट्टी "पुढच्या वेळी होतील" म्हणून डब्यात ठेवू नका.

सासूबाईंची खाज. ॲलर्जी आजीची म्हणून नातीची होत नाही, आणि तुमच्या मुलीने चार दिवस घेऊन काही झालेलं नाही. तरी लक्ष असू द्या. डोसानंतर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, दम लागला तर पुढचा डोस नाही, १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, घरी पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नका. पाच-सात दिवसांनी अंगावर न खाजणारं सपाट लाल पुरळ आलं तर ते वेगळं, बरेचदा किरकोळ असतं, पण डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवा.

सासूबाईंसाठी एक कागद करा: कोणतं इंजेक्शन, साधारण कोणत्या साली, टोचल्यावर किती वेळाने, नेमकं काय झालं, दवाखान्यात ठेवावं लागलं का. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांपैकी दहात नऊ जणांना तपासल्यावर ती निघत नाही, शिवाय खरी असली तरी वर्षांनुवर्षांत अनेकांची ओसरते. पण ही तपासणी डॉक्टरांसमोर, आणीबाणीची तयारी असलेल्या ठिकाणीच. घरी अर्धी गोळी घेऊन बघायची नाही. तोवर प्रत्येक डॉक्टरांना तो कागद दाखवा.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. पाळीमुळे, गावाला जायचं असल्यामुळे, मूल थुंकून टाकतं म्हणून दहा दिवस जमणारच नसतील, तर डॉक्टरांना बेंझाथिन पेनिसिलिनबद्दल विचारा. २७ किलोच्या आतल्या मुलांना ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख, एकच इंजेक्शन, कमरेच्या किंवा मांडीच्या स्नायूत खोल. दुखतं चांगलंच. ते स्नायूत साठून थेंबाथेंबाने रक्तात येत राहतं, आठवड्यांवर. रक्तातली पातळी तोंडी औषधाच्या शिखरापेक्षा कितीतरी कमी, पण एकही रात्र रिकामी जात नाही. ज्यांना संधिवाताचा ताप होऊन गेला आहे त्यांना हेच इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं देतात. "पॉवर" शोधणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

शाळेचं: औषध सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप नसला की पाठवा. तिचा पेला, चमचा, टॉवेल तेवढा वेगळा ठेवा. घरात दुसऱ्या कुणाचा घसा तसाच दुखायला लागला, विशेषतः ताप आहे आणि खोकला नाही असं असेल, तर तिच्या बाटलीतलं त्याला देऊ नका, दाखवून आणा. खात्री करायची असेल तर घशाचा स्वॅब देता येतो, सिव्हिलला किंवा खासगी लॅबमध्ये, कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघण्याचा, निकाल एक-दोन दिवसांत येतो. मात्र स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायला हवा, नंतर जंतू उगवत नाहीत.

दहावा दिवस झाला, ती बरी असली, तर पुन्हा स्वॅब काढायची गरज नाही. पुढचे काही महिने मात्र नजर ठेवा: एक सांधा सुजून दुखतो, तो बरा होतो तोवर दुसरा धरतो, चालताना धाप लागते, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, हातातली भांडी पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते किंवा सकाळी डोळे सुजतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ही जुनी चिठ्ठी घेऊन जा. घसा दुखायला लागला ती तारीख चिठ्ठीच्या मागे आत्ताच लिहून ठेवा.